गांधीलमाशीचा डंख आणि पन्नास वर्षांची चूक

१९८१ सालची गोष्ट. मी नुकताच डॉक्टर होऊन सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या एका लहानशा दवाखान्यात रुजू झालो होतो. मृगाच्या आधीचे दिवस होते. गावोगाव घरं शाकारायची घाई चालली होती. एका दुपारी तिशीच्या आसपासचा एक शेतकरी बैलगाडीतून आला. बरोबर त्याची म्हातारी आई होती. कौलं चाळताना वळचणीला असलेलं गांधीलमाश्यांचं पोळं त्याला दिसलं नाही. मानेवर एकच माशी चावली होती. पण अंगभर गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते, आवाज घोगरा झाला होता आणि उभं राहिलं की त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

आई म्हणाली, ‘‘डाक्तर, लेकाच्या अंगावर पित्त उठलंया बघा. आमसूल चोळलं, पर उतरंना.’’

मी खाज थांबवणारं एक इंजेक्शन दिलं, एक स्टिरॉइडचं दिलं आणि त्याला बाकावर झोपवलं. दोन-तीन तासांत गांधी विरल्या, ओठ उतरले. संध्याकाळी तो स्वतःच्या पायांनी चालत बाहेर पडला. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मी म्हणालो, ‘‘मावशी, घाबरू नका. पित्तच होतं, उतरलं.’’

दोन वर्षांनी तीच आई एकटी आली. औषधाला नाही, सांगायला. बांधावरचं गवत कापताना त्याला पुन्हा गांधीलमाशी चावली होती. गाडी जुंपेपर्यंतही तो टिकला नव्हता. ‘‘मागल्या बारीला तुमच्या सुईनं बरा झाला व्हता,’’ एवढंच ती म्हणाली. तिच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. उलट माझ्या सुईवर तिचा पुरा विश्वास होता, आणि तीच गोष्ट मला आजवर बोचते आहे. कारण माझ्या सुईनं तो बरा झालाच नव्हता. तो आपोआप बरा झाला होता. श्रेय मी घेतलं आणि त्याला सांगायला हवी होती ती एकच गोष्ट सांगितली नाही : हे पुन्हा होऊ शकतं, आणि पुढच्या वेळी याहून वाईट होऊ शकतं.

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. तेव्हा लक्षात आलं की, जी चूक मी एका दुपारी केली तीच चूक वैद्यकशास्त्रानं जवळजवळ पन्नास वर्षं केली होती. त्या चुकीचा आणि ती कशी सापडली याचा इतिहास आज आपल्याला सांगायचा आहे.

आधी एक फरक समजून घेऊ. आपल्याकडे मोहोळ उठल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. गडावर कुणीतरी धूर करतं, कड्याला लागलेलं आग्या मोहोळ उठतं आणि माणसांना शेकडो डंख बसतात. तिथे जिवाला धोका होतो तो विषाच्या मात्रेमुळे. मधमाशीच्या एका डंखातून साधारण ५० मायक्रोग्रॅम विष अंगात जातं. एक ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले ५० भाग. एवढ्यानं निरोगी माणसाचं काही बिघडत नाही. शेकडो डंख बसले तर मात्र स्नायू आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. हे कुणालाही होईल.

ॲलर्जीची गोष्ट वेगळी. तिथे एकच माशी पुरते. शरीर त्या विषातल्या प्रथिनांना शत्रू समजतं आणि त्यांच्यावर असं तुटून पडतं की त्या लढाईत शरीराचाच बळी जातो. अंगभर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वासनळ्या आवळतात, रक्तदाब कोसळतो. डंखाच्या जागी आलेली मोठी सूज, मग ती मनगटापासून कोपरापर्यंत का असेना, ही त्यातली गोष्ट नव्हे. मानेला माशी चावली आणि पोटावर, मांड्यांवर गांधी उठल्या, तर मात्र ती धोक्याची घंटा आहे. आपल्या भाषेत अंगावर उठणाऱ्या त्या चट्ट्यांना ‘गांधी’ म्हणतात आणि त्या माशीला ‘गांधीलमाशी’. या दोन शब्दांतलं साम्य कानाला लगेच कळतं. पण त्याच चट्ट्यांना आपण ‘पित्त उठलं’ असंही म्हणतो, आणि या दुसऱ्या शब्दानं घात केला आहे. पित्त म्हटलं की आमसूल आठवतं, दवाखाना आठवत नाही.

या आजाराच्या इतिहासाची सुरुवात बऱ्याच पुस्तकांत इजिप्तपासून होते. पहिला फेअरो मेनीस हा गांधीलमाशीच्या डंखानं मेला आणि ॲलर्जीनं झालेला जगातला पहिला नोंदलेला मृत्यू तोच, असं डॉक्टर मंडळी अनेक दशकं एकमेकांना सांगत आली. मीही ते वाचून भाषणात सांगितलं आहे. ही कथा आली कुठून? लॉरेन्स वॅडेल नावाचे एक स्कॉटिश डॉक्टर होते. ब्रिटिश काळात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये त्यांनी नोकरी केली, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात शिकवलं, तिबेटवर ग्रंथ लिहिला. निवृत्तीनंतर प्राचीन लिप्यांचा नाद लागला. अबायडॉस इथे सापडलेल्या आबनुसी लाकडाच्या एका पाटीवरची चित्रलिपी आपण वाचली, असा दावा त्यांनी १९३० साली केला. मेनीस जहाजातून पार आयर्लंडपर्यंत गेला आणि तिथे गांधीलमाशीनं त्याचा प्राण घेतला, असा त्यांनी लावलेला अर्थ होता. इजिप्तच्या लिपीचे जाणकार हे वाचन मान्य करत नाहीत. प्राचीन इतिहासकार मॅनेथो तर मेनीसला पाणघोड्यानं मारलं असं सांगतो. म्हणजे आपल्या शास्त्राचा हा ‘पहिला रुग्ण’ निव्वळ दंतकथा आहे. एखादी गोष्ट चार पुस्तकांत आली म्हणजे ती तपासलेली असते असं नाही. पुढच्या हकिकतीत हे लक्षात ठेवायचं आहे.

खरा इतिहास सुरू होतो १९०१ च्या उन्हाळ्यात, एका जहाजावर. मोनॅकोचे राजे पहिले आल्बेर यांना समुद्रविज्ञानाचा मोठा शौक. आपल्या जहाजावर ते शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन जात. त्या सफरीत शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ होते. समुद्रात तरंगणारा, निळसर फुग्यासारखा, लांब तंतूंचा एक प्राणी असतो. आपल्या कोकण किनाऱ्यावरही पावसाळ्यात तो कधीकधी वाहून येतो आणि पर्यटकांना डसतो. पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर म्हणतात त्याला. त्याच्या विषाचा अभ्यास करा, असं राजांनीच सुचवलं होतं.

फ्रान्सला परतल्यावर तो प्राणी मिळेना, म्हणून दोघांनी समुद्रफुलाचं, म्हणजे सी ॲनिमोनचं विष वापरून कुत्र्यांवर प्रयोग चालू ठेवले. कल्पना साधी होती. थोडंथोडं विष दिलं तर कुत्रा त्याला सरावेल. देवीची लस टोचल्यावर माणूस सरावतो तसा. नेपच्यून नावाच्या एका धडधाकट कुत्र्याला त्यांनी थोडं विष दिलं. त्याला काही झालं नाही. सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा तसंच थोडं विष दिलं. तो धापा टाकू लागला, कोसळला आणि २५ मिनिटांत मेला. पहिल्या मात्रेनं त्याचं संरक्षण झालं नव्हतं, नेमकं उलट झालं होतं. संरक्षणाला ग्रीक भाषेत ‘फिलॅक्सिस’ म्हणतात. त्याच्या उलट ते ‘ॲनाफिलॅक्सिस’. १९०२ साली हा शब्द जन्माला आला आणि १९१३ मध्ये रिशे यांना नोबेल पारितोषिक मिळालं. दरम्यान १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी ‘ॲलर्जी’ हा शब्द दिला. आज तो आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला आहे.

योगायोग पाहा. ज्या १९०१ साली ते जहाज समुद्रात होतं, त्याच वर्षी जोकिची ताकामिने या अमेरिकेत काम करणाऱ्या जपानी रसायनतज्ज्ञानं मूत्रपिंडांवरच्या लहानशा ग्रंथींतून एक शुद्ध, स्फटिकरूप द्रव्य वेगळं काढल्याचं जाहीर केलं. ते द्रव्य म्हणजे ॲड्रिनलिन. ते रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब सावरतं, श्वासनळ्या मोकळ्या करतं, हृदयाला जोर देतं. ॲनाफिलॅक्सिसमध्ये जे जे बिघडतं ते ते हे एकच औषध सुधारतं. आजाराची ओळख आणि त्यावरचा उतारा जवळजवळ एकाच वेळी माणसाच्या हाती आले होते. १९८१ साली माझ्या दवाखान्याच्या कपाटातही ॲड्रिनलिनच्या काचेच्या कुप्या होत्या. दम्याचा रुग्ण आला तर मी त्या फोडत असे. त्या शेतकऱ्यासाठी फोडावी असं मला सुचलं नाही.

जीव वाचवण्याचं औषध मिळालं. पण पुढच्या डंखाला काय? माशी पुन्हा चावलीच तर काही होऊ नये, असं करता येईल का? त्याची वाट लंडनमध्ये दिसली. १९११ साली सेंट मेरीज रुग्णालयातल्या लेनर्ड नून यांनी गवताच्या परागकणांचा अर्क अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत वाढवत टोचला आणि परागांमुळे शिंकांनी हैराण होणाऱ्या रुग्णांना आराम पडला. नेपच्यूनच्या बाबतीत जे फसलं ते मात्रा आणि वेळ सांभाळली तर साधू शकतं, असा त्याचा अर्थ होता.

हीच युक्ती माश्यांच्या डंखावर वापरायचं ठरलं. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्राउन नावाच्या डॉक्टरांनी १९२५ साली मधमाशीच्या शेपटाकडच्या टोकाचा, म्हणजे जिथे विषाची पिशवी असते त्या भागाचा अर्क काढून एका रुग्णाला टोचला. नेम बरोबर होता. पण पुढे वाट चुकली. १९३० साली अमेरिकेतल्या बेन्सन आणि सेमेनोव्ह या दोघांनी मधमाश्या पाळणाऱ्या एका रुग्णाचा अभ्यास करून निष्कर्ष काढला की, ॲलर्जी आणणारा पदार्थ माशीच्या विषातच नव्हे, सगळ्या शरीरात असतो. मग एवढ्याशा विषाच्या पिशव्या काढत बसायची गरजच काय? आख्खी माशी वाटायची, गाळायची आणि तो अर्क टोचायचा. हे सोपं होतं, स्वस्त होतं. कंपन्या असे अर्क बनवू लागल्या. जगभरच्या डॉक्टरांनी हजारो रुग्णांना ते टोचले. आणि रुग्ण सांगत होते, ‘‘डॉक्टर, इंजेक्शनं घेतल्यानंतर मला माशी चावली, पण काही झालं नाही!’’

या सगळ्यात एक बाई मात्र वेगळं बोलत होत्या. न्यू यॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. मेरी लव्हलेस. त्यांचं म्हणणं सरळ होतं : माशी माणसाला टोचते ते विष, मग उपचारही विषाचाच हवा. त्या गांधीलमाश्यांच्या विषाच्या पिशव्या वेगळ्या काढत. तांदळाच्या दाण्याहूनही बारीक अशा त्या पिशव्यांचा अर्क रुग्णांना वाढत्या मात्रेत देत. त्यावरही न थांबता, उपचार लागू पडला की नाही हे पाहायला जिवंत गांधीलमाशीचा डंख आपल्या देखरेखीखाली देत. १९५६ साली विल्यम फॅकलर यांच्याबरोबर त्यांनी हे काम प्रसिद्ध केलं. पण वैद्यकविश्व आपल्या जुन्या अर्कावर समाधानी होतं. ज्या औषधानं रुग्ण बरे होताना दिसतात, त्यावर शंका घ्यायची कुणी? लव्हलेस बाईंचा शोध जवळजवळ वीस वर्षं पडून राहिला.

दरम्यान दोन गोष्टी घडल्या. पहिली, १९६६ साली अमेरिकेत डेन्व्हर इथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानं ॲलर्जीला कारण होणारं प्रतिद्रव्य ओळखलं. पाठोपाठ स्वीडनमध्ये योहानसन आणि बेनिक यांना स्वतंत्रपणे तेच सापडलं. १९६८ साली त्याचं नाव ठरलं ‘आयजीई’. एकदा डंख बसला की काही माणसांच्या शरीरात विषाविरुद्ध आयजीई तयार होतं आणि ते मास्ट पेशी नावाच्या पेशींवर जाऊन बसतं. बंदुकीत गोळी भरून चाप ओढायची वाट पाहावी तसं. पुढचा डंख हा चाप. मास्ट पेशी फुटल्यासारख्या रिकाम्या होतात, त्यांतून हिस्टामिन आणि इतर द्रव्यं रक्तात येतात आणि पुढचा सगळा प्रकार होतो. नेपच्यूनचं कोडं साठ-पासष्ट वर्षांनी सुटलं.

दुसरी गोष्ट साधी, पण तितकीच मोलाची. मधमाशीचं शुद्ध विष भरपूर प्रमाणात कसं मिळवायचं हा प्रश्न होता. १९६३ साली बेंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक उपकरण प्रसिद्ध केलं. पेटीपाशी बारीक तारांची चौकट ठेवायची, तारांखाली पातळ पडदा ताणायचा आणि तारांतून हलका विजेचा झटका द्यायचा. माश्या चिडून पडद्याला डंख करतात, विष पडद्यापलीकडे ठिबकतं आणि माशी मरतही नाही. गांधीलमाश्यांच्या बाबतीत मात्र लव्हलेस बाईंचीच चिमट्याची पद्धत चालू राहिली.

आता बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लॉरेन्स लिच्टेनस्टाइन, मार्टिन व्हॅलेंटाइन, सोबोत्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जुना प्रश्न पुन्हा हातात घेतला. १९७४ साली त्यांनी विषाच्या उपचाराची बाजू मांडणारी एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. पण एका रुग्णानं काही सिद्ध होत नाही. म्हणून त्यांनी एक चाचणी आखली आणि १९७८ साली तिचे निकाल छापले. ज्यांना पूर्वी डंखामुळे गंभीर त्रास झाला होता अशा रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला शुद्ध विषाची इंजेक्शनं, दुसऱ्याला आख्ख्या माशीच्या अर्काची, तिसऱ्याला नुसत्या औषधहीन पाण्याची. काही आठवड्यांनी रुग्णालयात, सगळी तयारी ठेवून, प्रत्येकाला जिवंत माशीचा डंख द्यायचा. विचार करा, ज्या माशीनं एकदा मरणाच्या दारात नेलं होतं, तीच माशी पुन्हा हातावर बसू द्यायला ही माणसं तयार झाली. या इतिहासातले खरे शूर तेच.

निकाल असा लागला. पाणी टोचलेल्यांपैकी १२ जणांना डंख दिला, ७ जणांना पुन्हा त्रास झाला. आख्ख्या माशीचा अर्क घेतलेल्यांपैकी ११ जणांना डंख दिला, ७ जणांना त्रास झाला. शुद्ध विष घेतलेल्या १८ जणांना डंख दिला आणि त्रास झाला फक्त एकाला. ज्यांना त्रास झाला त्यांना ताबडतोब उपचार मिळाले, आणि नंतर त्यांनाही विषाचीच इंजेक्शनं देण्यात आली.

हे आकडे जरा सावकाश पाहा. अर्क आणि पाणी यांत काहीही फरक नव्हता. जवळजवळ पन्नास वर्षं डॉक्टर ज्याला औषध समजत होते, ते पाण्याइतकंच उपयोगी होतं. मग इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? त्याचं उत्तर पाण्याच्या गटात आहे. १२ पैकी ७ जणांना त्रास झाला, म्हणजे ५ जणांना झाला नाही. पाण्यानं ते बरे झाले नव्हते. या आजाराची रीतच तशी आहे. एकदा गंभीर त्रास झालेल्या प्रत्येकाला प्रत्येक डंखानं तो होतोच असं नाही. या पाच जणांसारखी माणसं वर्षानुवर्षं डॉक्टरांना येऊन सांगत होती, ‘‘तुमच्या इंजेक्शननं गुण आला.’’ डॉक्टर खूश होते. उरलेल्या सातांसारखे जे होते, त्यांच्यापैकी काही जण सांगायला परत आलेच नाहीत.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मासिक मिटून बराच वेळ बसून राहिलो. त्या पहिल्या दुपारी माझ्या बाकावर जो झोपला होता, तो या पाचांसारखाच आपोआप सावरलेला होता. डंखावर चुना लावणारी आजी, लोखंड घासणारा शेजारी आणि पांढरा कोट घातलेला मी, आम्ही तिघंही एकाच रांगेत उभे होतो. फरक एवढाच की, माझ्यावर लोकांचा विश्वास अधिक होता. म्हणून माझी चूक अधिक महाग पडली.

१९७९ साली अमेरिकेत शुद्ध विषाच्या उपचाराला मान्यता मिळाली. आज त्याची पद्धत ठरलेली आहे. आधी तपासण्या करून मधमाशी की गांधीलमाशी हे निश्चित करायचं, कारण दोघींची विषं वेगळी. मग एका डंखाच्या कितीतरी पट कमी मात्रेपासून सुरुवात करून १०० मायक्रोग्रॅमपर्यंत, म्हणजे मधमाशीच्या साधारण दोन डंखांच्या विषापर्यंत जायचं. ती मात्रा सुरुवातीला दर महिन्याला, अशी तीन ते पाच वर्षं घ्यायची. गांधीलमाशीच्या बाबतीत दहापैकी नऊहून अधिक जणांना संरक्षण मिळतं, मधमाशीच्या बाबतीत साधारण आठ जणांना. ॲलर्जीच्या उपचारांत याहून खात्रीचे उपचार थोडेच.

हे संरक्षण येतं कसं, याचं एक उत्तर मधपाळांच्या रक्तात सापडलं. ज्यांना वर्षाकाठी दोनशेहून अधिक डंख बसतात अशा मधपाळांमध्ये गंभीर ॲलर्जी क्वचितच आढळते. वर्षाला वीस-पंचवीसपेक्षा कमी डंख खाणाऱ्यांत ती अधिक दिसते. नेहमी डंख खाणाऱ्यांच्या रक्तात आयजीजी जातीची प्रतिद्रव्यं भरपूर असतात. ती विषाला वाटेतच अडवतात आणि आयजीईपर्यंत पोचू देत नाहीत. विषाची इंजेक्शनं हेच काम हिशोबानं करतात.

हे आपल्यालाही जवळचं आहे. महाबळेश्वरच्या परिसरात सातेरी माश्यांच्या पेट्या पाळणारी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिथलं मांघर हे गाव २०२२ साली देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. पुण्यात मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्था १९६२ पासून आहे. नवी तरुण मुलं मधपेट्या ठेवू लागली आहेत, आणि ही चांगली गोष्ट आहे. पण प्रत्येक मधपाळाला आणि त्याच्या घरच्यांना हे ठाऊक हवं की, डंखानंतर एकदा जरी अंगभर गांधी उठल्या, श्वास अडला किंवा चक्कर आली, तर ‘सवय होईल’ म्हणून पेट्यांकडे परत जायचं नाही. सवय आपोआप होण्याची वाट पाहणं म्हणजे नेपच्यूनचा प्रयोग स्वतःवर करणं.

शुद्ध विषाचा उपचार आपल्याकडे अजून सहजासहजी मिळत नाही. खेड्यात तर नाहीच. म्हणून आपल्यासाठी ते १९०१ सालचं जुनं औषधच सर्वांत महत्त्वाचं. ब्रिटनमध्ये ॲनाफिलॅक्सिसनं झालेल्या मृत्यूंचा रिचर्ड पम्फ्री यांनी अभ्यास केला आणि २००० साली तो छापला. डंखानं दगावलेल्यांत निम्म्या जणांचा श्वास किंवा हृदय पहिल्या १५ मिनिटांतच बंद पडलं होतं. पंधरा मिनिटांत खाज थांबवणारी गोळी काय करणार? ती खाज थांबवते, कोसळणारा रक्तदाब नाही. ॲड्रिनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचं. मोठ्या माणसाला एक मिलिग्रॅमच्या कुपीतलं अर्धं. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर डॉक्टर पुन्हा देतात. परदेशात १९८७ पासून रुग्णानं स्वतःच टोचून घ्यायची पेनसारखी इंजेक्शनं मिळतात. आपल्याकडे ती सहज मिळत नाहीत. कुपी मात्र स्वस्त आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात असते. ज्याला एकदा असा त्रास झाला आहे त्यानं ती जवळ ठेवावी का, कुणी आणि कशी टोचावी, हे आपल्या डॉक्टरांकडून शिकून घ्यावं.

आणखी दोन गोष्टी. मधमाशीची नांगी त्वचेत राहते आणि तिच्याबरोबरची पिशवी काही काळ विष सोडत राहते. ती नखानं खरवडावी की चिमटीनं धरावी यावर पूर्वी वाद चालत. १९९६ साली लॅन्सेट या नियतकालिकात आलेल्या प्रयोगानं दाखवलं की, पद्धत कुठलीही चालेल, उशीर चालणार नाही. गांधीलमाशी सहसा नांगी सोडत नाही, तिच्या डंखाच्या जागी शोधत बसू नका. दुसरी गोष्ट, चक्कर येत असेल तर माणसाला आडवं झोपवा आणि पाय उंच ठेवा. धाप लागली असेल तर टेकून बसू द्या, पण उभं करू नका, चालवू नका. पम्फ्री यांनीच दाखवून दिलं की, काही रुग्ण एकदम उठून बसताच किंवा उभे राहताच दगावले. आणि बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबा, कारण काहींना तोच त्रास काही तासांनी पुन्हा उलटतो.

त्या दुपारी मी त्या शेतकऱ्याला चालत घरी पाठवलं. आज तो आला असता तर मी आधी मांडीत ॲड्रिनलिन दिलं असतं. रात्रभर थांबवून घेतलं असतं. जाताना कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं असतं : ‘गांधीलमाशीची ॲलर्जी’. पोळं काढायला दुसऱ्याला बोलवा, गवताला जाताना अंग झाकून जा आणि ही कुपी घरात ठेवा, असं सांगितलं असतं. मोठ्या शहरातल्या एखाद्या ॲलर्जीतज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली असती. त्यानं तो नक्की वाचला असता असं मी म्हणणार नाही. बारांतल्या पाचांनी मला एवढं तरी शिकवलं आहे.

पण त्याच्या आईला मी ‘‘पित्तच होतं’’ असं म्हणालो नसतो. आपल्या घरात, शेजारी, शेतावर कुणाला एका डंखानं अंगभर गांधी उठल्या असतील आणि नंतर आपोआप उतरल्या असतील, तर ती माणसं बरी झाली असं समजू नका. उद्या सकाळी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.